कापसाच्या मुलखात पॉलिस्टरचा गणवेश

सेलू, मानवत, माजलगाव या मराठवाड्यातल्या पट्ट्यात दिवाळीच्या पुढंमागं कापसाची वेचणी जोरात असते. वेचणाऱ्या बायांच्या अंगावर काय असतं ते एकदा बारकाईनं बघावं. पॉलिस्टरची साडी, ऊन आणि ओरखडे अंगाला लागू नयेत म्हणून तिच्यावर घरातल्या माणसाचा जुना टेरिकॉटचा (पॉलिस्टर आणि सूत मिसळलेल्या कापडाचा) शर्ट, डोक्याला बांधलेला रुमाल तोही पॉलिस्टरचाच. कमरेची झोळी सोडली तर त्या बाईजवळ निव्वळ कापूस कुठंच नसतो. संध्याकाळी किलोच्या हिशेबानं मजुरी घेऊन ती घरी जाते, तेव्हा तिची लेकरंही पॉलिस्टर मिसळलेल्या गणवेशात शाळेतून आलेली असतात.

हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही चुकतंय असं वाटतच नाही.

पर्यावरणपूरक कपड्यांवर हल्ली पुष्कळ लिहिलं जातं. लिनन घ्या, सेंद्रिय कापूस घ्या, बांबूच्या धाग्याचे मोजे घ्या. असा सल्ला वाचून पुण्या-मुंबईतला पगारदार माणूस दोन सदरे बदलेलही. पण त्या सगळ्या लिखाणात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे कपडा निवडणारा आणि घालणारा माणूस एकच आहे. मराठवाड्यात बहुतेकांच्या बाबतीत ते खरं नाही. लेकराचा गणवेश शाळा ठरवते. वाळूज-चिकलठाण्याच्या कामगाराचा गणवेश कंपनी ठरवते. अंगणवाडीताईच्या साडीचं कापड ताई निवडत नाही. घरातल्या बाईच्या पेटीतल्या बऱ्याचशा साड्या आहेरात आलेल्या असतात, म्हणजे त्याही दुसऱ्यानंच घेतलेल्या. म्हणून कापडाची निवड हा सार्वजनिक प्रश्न आहे असं मी मानते, आणि तो सोडवायची सुरुवात शाळेच्या गणवेशापासून व्हायला हवी. मराठवाड्यातल्या सरकारी शाळांचे गणवेश सुती असलेच पाहिजेत.

आधी अंगाचं बोलू. कापसाचा धागा हवेतला ओलावा स्वतःत मुरवून घेतो; साध्या हवेत तो आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी धरून असतो. पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. घाम आला की सुती कापड तो टिपतं, हवेला देतं आणि अंग निवतं. दाट विणीच्या पॉलिस्टरखाली घाम कातडीवरच साचून राहतो. परभणी-नांदेडला एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढं जाणं ही काही बातमी राहिलेली नाही. शाळांच्या वार्षिक परीक्षा आता एप्रिलच्या अखेरीपर्यंत चालतात. पत्र्याची खोली, वीज गेलेली, बाकावर तिघं-तिघं, आणि अंगात टेरिकॉटचा शर्ट. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हाही पाऊस लांबलेला असला तर उकाडा काही कमी नसतो. मानेवर, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली घामोळ्या उठलेली लेकरं कोणत्याही जिल्हा परिषदेच्या शाळेत दिसतील.

गेल्या काही वर्षांत देशभर नायट्याची, गजकर्णाची साथ पसरली आहे. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारी बुरशी तिच्यामागे आहे, आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या स्टेरॉइडच्या मलमांनी ती बळावली आहे. कापड हे तिचं मूळ कारण नव्हे. पण घट्ट, ओलं, हवा न खेळणारं कापड त्या बुरशीला हवी तशी जागा करून देतं, म्हणून कातडीचे डॉक्टर औषधाबरोबर सैल सुती कपडे सांगतात. ज्याला सहा तास शाळेचा ठरलेला शर्ट घालावाच लागतो त्यानं तो सल्ला पाळायचा कसा?

इथं एक गोष्ट स्पष्ट करून टाकते. पॉलिस्टर म्हणजे विष आहे, ते घातल्यानं अमुक रोग होतोच, असं मी म्हणत नाही. मोबाइलवर एक संदेश फिरत असतो की लिननची कंपनं पाच हजार, कापसाची शंभर आणि पॉलिस्टरची त्याहून कमी, म्हणून पॉलिस्टरनं शरीराची शक्ती जाते. याला विज्ञानाचा काडीचा आधार नाही. खऱ्या गोष्टी पुरेशा असताना खोट्याची जोड दिली की खऱ्यावरचाही विश्वास उडतो. उष्णता, घाम आणि कातडी यांचं साधं गणित मांडलं तरी पुरेसं आहे.

आगीचं मात्र वेगळं सांगायला हवं. सुती कापडही पेट घेतं, चटकन घेतं. पण पॉलिस्टर आणि नायलॉन नुसतं जळत नाही, ते वितळतं आणि कातडीला चिकटून बसतं, जखम खोल होते. आपल्याकडं गॅस घरोघर आला तरी चूल विझलेली नाही. पाणी तापवायला, भाकरी करायला ती पेटतेच. चुलीपुढं बसणारी बाई सगळ्यात स्वस्त सिंथेटिक साडीत असते. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भट्टीच्या जवळ काम करणाऱ्या माणसालाही हाच धोका आहे.

आता कापड जुनं झाल्यावर त्याचं काय होतं ते बघा. सुती लुगडं विरलं की त्याची वाकळ व्हायची. वाकळीतून उरलेल्या तुकड्यांची बाळाची दुपटी, लंगोट. तेही झिजलं की चुलीपाशी फडकं, मग पोतेरं, आणि शेवटी उकिरड्यावर पडलं तर दोन पावसाळ्यांत मातीत मिसळून जायचं. एक कापड एका घरात तीन पिढ्यांच्या उपयोगी पडायचं आणि मागं काही उरायचं नाही. पॉलिस्टरच्या साडीचं यातलं काहीच होत नाही. तिची वाकळ अंगावरून घसरते आणि घाम टिपत नाही, बाळाला ती गुंडाळता येत नाही, पाणी शोषत नाही म्हणून पोतेरंही होत नाही. म्हणून ती बांधाला, बाभळीला, ओढ्याच्या काठाला अडकलेली दिसते. रंग उडतो, साडी तशीच राहते. धुताना तिचे बारीक तंतू सुटून पाण्यात जातात ते वेगळंच. आपली बरीचशी गावं नदीवर, ओढ्यावर कपडे धुतात; ते पाणी कुठल्याही शुद्धीकरण केंद्रातून जात नाही, थेट दुधना, पूर्णा, गोदावरीला मिळतं. जगात २०२३ साली सुमारे १२ कोटी ४० लाख टन धागा तयार झाला, त्यातला ५७ टक्के पॉलिस्टरचा. कापूस पाचव्या हिश्श्याच्या आसपास. खनिज तेलापासून काढलेला हा धागा शेकडो वर्षं कुजत नाही.

हे सगळं जिथं घडतंय तो मुलूख कापडाच्या बाबतीत अडाणी नव्हता. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक भाषेतल्या प्रवासवर्णनात नोंद आहे की तगरहून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरावर जात असे. पुढं औरंगाबादच्या विणकरांनी हिमरू आणि मशरू ही रेशीम-सुताची कापडं विणली. मशरूची वीण मला फार शहाणपणाची वाटते. ताणा म्हणजे उभा धागा रेशमाचा, बाणा म्हणजे आडवा धागा सुताचा, आणि वीण अशी की बाहेरून रेशमाची झळाळी दिसावी पण अंगाला मात्र सूतच लागावं. त्यामागं मुसलमान पुरुषानं रेशीम अंगाला लावू नये हा धर्माचा नियम होता हे खरं. तरी दख्खनच्या उन्हात कातडीजवळ काय असावं याची जाण त्यात आहेच. नांदेडात उस्मानशाही मिल होती, ती बंद पडली. आज आपण कापूस पिकवतो, जिनिंगमध्ये सरकी वेगळी करतो, १७० किलोच्या गाठी बांधतो आणि गुजरातला, तामिळनाडूला पाठवतो. सूत तिकडं, वीण तिकडं, शिलाई तिकडं. परत येतं ते बहुतेक वेळा दुसऱ्याच धाग्याचं कापड.

हे बाजाराच्या ओघानं आपोआप झालं असं म्हणणाऱ्यांना मी राष्ट्रध्वजाचं उदाहरण देईन. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते, त्याचं कापड उदगीरच्या केंद्रात विणलं जातं. ध्वज हातानं कातलेल्या, हातानं विणलेल्या सुती, लोकरी किंवा रेशमी खादीचाच असावा, हा नियम होता. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहिता बदलली आणि यंत्रावर केलेल्या, पॉलिस्टरच्या ध्वजालाही मान्यता मिळाली. पुढच्याच ऑगस्टमध्ये ‘हर घर तिरंगा’ मोहिमेत घरोघर पॉलिस्टरचे झेंडे लागले. एका दुरुस्तीनं हे झालं. म्हणजे कोणता धागा विणला जाईल हे शासनाच्या एका ओळीनं बदलतं. तशीच एक ओळ उलट दिशेनंही लिहिता येते. करांचंही तेच. सप्टेंबर २०२५ पर्यंत मानवनिर्मित धाग्यावर १८ टक्के आणि त्याच्या सुतावर १२ टक्के जीएसटी होता, कापसावर ५. आता दोन्हीकडं ५ टक्के आहे. कापसाला करात जी थोडी सवड होती तीही गेली. त्याच सुमारास परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क डिसेंबर अखेरपर्यंत उठवलं गेलं, आणि आपला शेतकरी मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागं ७,७१० रुपयांचा हमीभाव मिळावा म्हणून खरेदी केंद्राबाहेर रांगेत उभा राहिला.

आता गणवेशाकडं येऊ. केंद्राच्या समग्र शिक्षा आणि राज्याच्या मोफत गणवेश योजनेतून सरकारी शाळेतल्या पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्याला वर्षाला दोन गणवेश मिळतात, दोन्हींचे मिळून ६०० रुपये. म्हणजे एका गणवेशाला ३००, कापड आणि शिलाई धरून. एवढ्या पैशात दुकानदार जे कापड पुढं करेल तेच घ्यावं लागतं, आणि तो पॉलिस्टर जास्त, सूत कमी असलेलं कापड पुढं करतो, कारण ते स्वस्त पडतं. २०२४-२५ मध्ये राज्यानं कापड एकाच ठिकाणाहून घेऊन महिला बचत गटांकडून गणवेश शिवून घ्यायचा प्रयोग केला. गणवेश वेळेवर आले नाहीत, मापं चुकली, कापडाबद्दल तक्रारी झाल्या, आणि २०२५-२६ पासून निर्णय पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडं आला. त्या गदारोळात गणवेश कधी आला आणि कसा शिवला यावर खूप बोललं गेलं. तो कशाचा आहे, हे विचारताना फारसं कुणी दिसलं नाही.

माझ्या म्हणण्यावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत, आणि त्यातला एक फार वजनदार आहे. किंमत आणि टिकाऊपणा हा नेहमीचा आक्षेप. सुती गणवेश चुरगळतो, रंग सोडतो, इस्त्री मागतो. खरं आहे. पण चुरगळलेला शर्ट हा दोष आहे असं आपण लेकरांना शिकवणं थांबवू शकतो. तसं ठरवायला एक रुपयाही लागत नाही. टिकाऊपणाचं म्हणाल तर वाढत्या वयाचं पोर वर्षभरात गणवेशातून बाहेर पडतंच. दहा वर्षं टिकणाऱ्या शर्टाचा त्याला काय उपयोग?

वजनदार आक्षेप पाण्याचा आहे. टँकरवर जगणाऱ्या गावात सुती कपडा धुणं म्हणजे जास्त पाणी आणि जास्त कष्ट. पॉलिस्टर दोन तांबे पाण्यात निघतं आणि दोरीवर तासाभरात वाळतं. हे कष्ट बाईच्याच वाट्याला येतात. आष्टी-पाटोद्याच्या बाईला मी पुस्तकी आग्रहानं सांगू शकत नाही की तू जाड सुती कापड आपट. याचं उत्तर कापड पातळ असण्यात आहे. गणवेशासाठी चादरीसारखं जाड कापड लागत नाही. हलक्या वजनाचा, उघड्या विणीचा सुती शर्ट एप्रिलच्या उन्हात घटकाभरात वाळतो. पावसाळ्यात तो उशिरा वाळतो, हे मान्य. त्यासाठी हाफपँट आणि स्कर्ट मिश्र धाग्याचे ठेवायला माझी हरकत नाही. शर्ट मात्र अंगाला थेट लागतो, तो पूर्ण सुतीच हवा. रेनकोट, दप्तर, खेळाचे बूट यांत कृत्रिम धागा चांगलाच काम करतो, तिथं भांडण्याचं कारण नाही.

दुसऱ्या बाजूनं पर्यावरणवाले विचारतात, कापूस तरी कुठं निर्मळ आहे? विचारायलाच हवं. एका किलो कापसाला दहा हजार लिटर पाणी लागतं हा जागतिक सरासरीचा आकडा ते तोंडावर फेकतात. मराठवाड्यातला कापूस बहुतांश कोरडवाहू आहे, पडेल त्या पावसावर येतो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, त्याचं खापर पऱ्हाटीवर फोडता येणार नाही. त्यासाठी उसाकडं बघावं लागेल. पण फवारणीचा मुद्दा खरा आहे आणि तो झाकायला नको. २००२ मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारा जनुक घातलेल्या कापसाला परवानगी मिळाली, त्या पहिल्या वाणांमागं आपल्या जालन्याचीच महिको ही बियाणं कंपनी होती. सुरुवातीला बोंडअळी हटली, फवारण्या कमी झाल्या. मग गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली आणि २०१७ च्या हंगामात उभी बोंडं पोखरून गेली. त्याच वर्षी शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले. अशा कापसाचा शर्ट घालून लेकरू थंड राहिलं आणि त्याचा बाप शेतात विष हुंगत राहिला, तर त्याला मी चांगलं कापड म्हणणार नाही.

म्हणूनच देशी कापसाचा विषय निघतो. आपल्याकडचा जुना गावरान कापूस रसशोषक किडींना दाद देत नाही, पावसाची ओढ सोसतो, खत-औषध कमी मागतो, आणि त्याचं बी शेतकऱ्याला घरी राखता येतं. त्याच्यावर ठपका एकच होता, की धागा आखूड आणि जाड. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं पीए मालिकेतली लांब धाग्याची देशी वाणं काढून तो ठपका बराचसा पुसला आहे. संशोधन आपल्या जिल्ह्यात झालेलं आहे. अडतं ते गिऱ्हाइकापाशी. गिरण्यांची यंत्रं अमेरिकन जातीच्या लांब धाग्याला सरावलेली, जिनिंगवाला देशी कापूस वेगळा ठेवत नाही, वेगळा ठेवला नाही की वेगळा भाव नाही, भाव नाही की पेरा नाही. हे चक्र एकेकट्या ग्राहकाच्या सद्भावनेनं तुटणार नाही. त्याला दरवर्षी ठरलेल्या वेळी, ठरलेलं कापड, मोठ्या प्रमाणात घेणारं गिऱ्हाईक लागतं. आठ जिल्ह्यांच्या शाळा मिळून तसं गिऱ्हाईक होऊ शकतात. गणवेशाच्या शर्टाला फार तलम सूत लागतही नाही.

हीच मागणी इतर सरकारी कापडालाही लागू करता येईल. २०२३-२८ च्या राज्याच्या वस्त्रोद्योग धोरणानुसार अंत्योदय कुटुंबांना वर्षाला एक साडी मोफत मिळते. ती यंत्रमागावर विणलेली असावी हे धोरणात आहे. तिच्या धाग्यात कापूस किती असावा, हीही अट धोरणातच यावी. आशाताई, अंगणवाडीताई, एसटीचे चालक-वाहक हे सगळे दिवसभर उन्हात वावरणारे लोक आहेत.

आहेराचं मात्र शासनावर टाकता येत नाही, ते आपल्यालाच सोडवायचं आहे. आपल्या लग्नांत गठ्ठ्यानं साड्या आणल्या जातात, नेसायला नाही, द्यायला. घेणारी ती घडी न मोडता पुढच्या लग्नात देते, ती तिसरीला. अशी साडी चार मांडव फिरते आणि शेवटी शेतात बुजगावण्यावर किंवा पिकाभोवती जनावरं अडवायला बांधली जाते. देणाऱ्याचा पैसा गेला, घेणारीला उपयोग नाही, शेतात प्लॅस्टिक आलं. त्याच पैशात एक चांगला सुती पंचा, एक टॉवेल, एक चादर देता येते आणि ती वापरली जाते. व्याहीबुवांच्या मानाचा, विहीणबाईंच्या मानाचा प्रश्न येतो हे मला कळतं. तो मान कापडाच्या लांबीवर ठरायला नको, एवढंच म्हणणं.

जिथं निवड खरोखर आपल्या हातात आहे तिथं दोन गोष्टी सांभाळाव्यात. ‘बांबूचं कापड’ म्हणून जे महाग विकलं जातं ते बहुधा व्हिस्कोस असतं; बांबूचा लगदा कार्बन डायसल्फाइडसारख्या रसायनात विरघळवून काढलेला धागा. हे रसायन कारखान्यातल्या कामगाराच्या मज्जातंतूंना आणि हृदयाला बाधतं. कापड अंगाला मऊ लागतं म्हणून ते निर्दोष ठरत नाही. ‘सुरकुती न पडणारा’ सुती शर्टही तपासून घ्यावा. त्यावर बहुधा फॉर्माल्डिहाइडवर आधारलेल्या रसायनाचा लेप असतो आणि काहींच्या कातडीला त्यानं खाज सुटते; निदान धुऊन मग घालावा. खादी भांडारातसुद्धा ‘पॉलिवस्त्र’ मिळतं, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेली खादी. तिथंही विचारूनच घ्यावं. शंका आली तर कडेचा एक धागा काढून काडीनं पेटवावा. सूत कागदासारखं जळतं आणि बोटानं चोळली तर भुकटी होणारी राख ठेवतं. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला काळा टणक मणी उरतो. रेशीम-लोकरीला केस जळल्याचा वास येतो.

शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि समितीत निम्म्या महिला असाव्यात असं बंधन आहे. म्हणजे बऱ्याच समित्यांत कापूस वेचणाऱ्या बायाच बसलेल्या आहेत. गणवेशाचा ठराव येतो तेव्हा रंग आणि दर यांच्यावर चर्चा होते आणि सह्या होतात. येत्या बैठकीत त्यांनी कापडाचा नमुना मागावा, त्याचा धागा तिथंच पेटवून बघावा, आणि दरपत्रकात ‘शर्टाचं कापड शंभर टक्के सुती’ ही ओळ लिहून घ्यावी. तीनशे रुपयांत ते बसत नसेल, आणि बहुतेक ठिकाणी बसणार नाही, तर किती रुपये कमी पडतात तो आकडा ठरावात लिहावा आणि ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं, दुसरी जिल्हा परिषदेकडं आणि तिसरी आपल्या आमदाराकडं पोचवावी. एका शाळेचा ठराव फाइलमध्ये पडून राहील. एका तालुक्यातल्या सगळ्या शाळांनी तोच आकडा लिहून पाठवला, तर अधिवेशनात त्यावर प्रश्न विचारता येईल.